पिस्तूल बदलण्याआधी मॅगझिन बदलून बघा

मानेवाड्याकडच्या एका भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी परवान्यावर .32 बोअरचं नवं, देशी बनावटीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं. बांधकामाचा धंदा, मजुरांचे पैसे घेऊन साइटवर जावं लागतं, म्हणून परवाना काढला. पिस्तूल इतके दिवस कपाटात होतं. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा रेंजवर नेऊन 20 गोळ्या मारल्या, त्यात चार वेळा अडकलं. दोनदा काडतुसाचं नाक चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी अडून बसलं, एकदा रिकामी पुंगळी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) खिडकीत उभी राहिली आणि एकदा चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला, बार झालाच नाही. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आपलं जुनं जर्मन पिस्तूल पाचपट किमतीला द्यायला तयार आहेत आणि म्हणतात, “माझ्याकडे पंचवीस वर्षं आहे, एकदाही दगा दिला नाही.” तर देशी विकून ते घ्यावं का?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. चोवीस वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांची तपासणी, देखभाल, दुरुस्ती हेच काम. निवृत्तीनंतर कामठीलाच घर केलं. गेली अकरा वर्षं नागपुरातल्या एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. विदर्भातल्या लोकांची पिस्तुलं, रिव्हॉल्वर, बाराबोअर माझ्या हाताखालून जातात. बाहेरच्या देशांतली नवी पिस्तुलं सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल इथे बोलून तुमचा फायदा नाही. 9 मिमी तर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाही. इंटरनेटवर त्या पिस्तुलांची जी तारीफ दिसते ती खरी असली तरी तुमच्या .32 ला लावू नका.

भाऊ, आत्ता देशी विकू नका आणि ते जर्मनही आत्ता घेऊ नका. तुमचा प्रश्न देशी की इंपोर्टेड असा दिसतो, पण खरा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या पिस्तुलावर भरवसा ठेवायचा तर कशाच्या जोरावर? तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना एकच विचारा: पंचवीस वर्षांत एकूण गोळ्या किती मारल्या? मी हे माझ्या टेबलावर प्रत्येकाला विचारतो. दहा-बारा, कधी वीस, कुणी म्हणतं “घेतलं तेव्हा दोन मारल्या होत्या.” त्यांचाही दोष नाही. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, काडतुसं महाग, रेंजवर जायला सवड नाही. पण इतक्या गोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे आकड्यांत बघा. समजा एखादं पिस्तूल दर दहा गोळ्यांत सरासरी एकदा अडकतं, म्हणजे अगदी वाईट पिस्तूल. तरीही ते सलग बारा गोळ्या सुखरूप मारून जाण्याची शक्यता 28 टक्के आहे. म्हणजे अशी वाईट पिस्तुलं बाळगणाऱ्या चार जणांतला एक जण बारा गोळ्या मारून मनापासून सांगेल की माझं कधीच अडकलं नाही. तेच पिस्तूल सलग 50 गोळ्या न अडकता मारून जाणं मात्र दोनशेत एकदा घडेल. आणि 50 गोळ्या नीट गेल्या तरी फार तर एवढं म्हणता येतं की अडकण्याचं प्रमाण शंभरात सहापेक्षा जास्त नसावं. मालकांच्या अनुभवाला किंमत आहे, पण गोळ्यांचा आकडा सोबत असेल तरच.

याच हिशेबाने तुमच्या 20 गोळ्या त्यांच्या पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कामाच्या आहेत. तुमच्याकडे चार अडथळे आहेत आणि प्रत्येक काही ना काही सांगतोय.

आता या चारांकडे मी कसं बघतो ते सांगतो. एकाच प्रकारचा अडथळा चार वेळा आला असता तर मी एका भागाकडे बोट दाखवलं असतं. दर वेळी पुंगळी अडकली तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढणारा आकडा), दर वेळी नाक अडलं तर मॅगझिन (मुठीत बसणारा काडतुसांचा कप्पा) किंवा रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढतं तो उतार), दर वेळी बार झाला नाही तर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडाला ठोका देणारी) किंवा काडतूस. तुमच्याकडे तीन प्रकार एकत्र आले आहेत. असं झालं की मी आधी सगळ्यांना समान असलेलं कारण शोधतो, आणि ते बहुतेक वेळा एकच निघतं: स्लाइड पूर्ण वेगाने पूर्ण अंतर जात-येत नाही.

.32 चं पिस्तूल बहुतेक करून साध्या ब्लोबॅकवर चालतं. त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांना कुलूपबंद नसतात. स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच सगळं. बार झाला की पुंगळी मागे ढकलली जाते, ती स्लाइडला मागे नेते, वाटेत इजेक्टरला (तिला बाहेर फेकणाऱ्या खुंटीला) आपटून बाहेर पडते. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे आणते आणि ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. या प्रवासात कुठेही घर्षण वाढलं की स्लाइड अर्ध्या दमाने येते. मागे कमी गेली तर पुंगळी बाहेर पडायच्या आत अडकते आणि उभी राहते. पुढे दम कमी पडला तर काडतुसाचं नाक रॅम्पवर अडतं. शेवटचा केसभर भाग बंद झाला नाही तर पिनचा ठोका नीट बसत नाही. तिन्ही लक्षणं तुमचीच आहेत ना?

म्हणून पहिला प्रश्न: पिस्तूल पेटीतून काढून तसंच कपाटात ठेवलं होतं का, आणि तसंच रेंजवर नेलं का? तुम्ही साफ केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. कारखान्यातून येताना गंज लागू नये म्हणून आत घट्ट तेल-ग्रीस लावलेलं असतं. ते साठवणुकीसाठी असतं, चालवण्यासाठी नाही. नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत ते पातळ होऊन कोपऱ्यांत साचतं आणि थंडीत चिकट होऊन बसतं. नव्या पिस्तुलांच्या तक्रारी येतात तेव्हा माझं पहिलं काम खोलून धुण्याचं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. मात्र हे तुमच्या हातातल्या नगावर अवलंबून आहे. देशी पिस्तुलांत नगानगात फरक असतो. काही पेटीतूनच गुळगुळीत येतात. काहींच्या रॅम्पवर हत्याराच्या रेघा दिसतात, काहींच्या चेंबरच्या कडेला बारीक बर असते, म्हणजे पत्र्याला असते तशी धार. असा नग धुतल्याने सुधारत नाही. तो कारागिराच्या हातातून जावा लागतो किंवा परत पाठवावा लागतो.

आता मॅगझिन. माझ्याकडे अडकणारं पिस्तूल आलं की मी पिस्तूल बाजूला ठेवतो आणि मॅगझिन हातात घेतो, कारण सर्वाधिक दोष तिथेच सापडतात. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकन फौजेची 9 मिमी पिस्तुलं इराकमध्ये अडकू लागली, तेव्हा मोठं कारण निघालं मॅगझिनवरचा खडबडीत लेप. वाळवंटातली पावडरीसारखी धूळ त्यात धरून राहत होती.

एक प्रसंग सांगतो. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंचं पिस्तूल माझ्याकडे आलं. त्यांची तक्रार होती की दर वेळी तिसरी किंवा चौथी गोळी वर तोंड करून अडते. दोन दुकानांत दाखवून झालं होतं. कुणी स्प्रिंग बदलली होती, कुणी रॅम्प घासला होता. मी मॅगझिन खिडकीच्या उजेडात धरलं. वरचे दोन ओठ, ज्यांच्यामध्ये काडतूस पकडलेलं असतं, त्यातला डावा ओठ पुढच्या बाजूला किंचित उघडा दिसत होता. कॅलिपर लावला तर पुढचं अंतर मागच्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त. नखाने काडतूस पुढे सरकवलं की ते निम्म्यात येऊन वर उडी मारायचं. मी विचारलं, “हे कधी पडलं होतं का?” ते आधी नाही म्हणाले, मग आठवून म्हणाले की कोटा फरशीवर भरलेलं मॅगझिन हातातून सुटलं होतं, पण “त्याला काय होतंय, लोखंडच तर आहे.” भरलेलं मॅगझिन तोंडावर पडलं की काडतुसांचं वजन आतून ओठांवर आपटतं आणि पातळ पत्रा फाकतो. त्यांच्याकडे पेटीसोबत आलेलं दुसरं मॅगझिन होतं, वर्षानुवर्षं न वापरलेलं. ते लावून रेंजवर 30 गोळ्या मारल्या, एकही अडकली नाही. मधल्या काळात रॅम्प मात्र विनाकारण घासला गेला होता. घासलेलं लोखंड परत येत नाही.

.32 मध्ये मॅगझिन भरण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे, आणि हे फार थोड्या मालकांना माहीत असतं. हे काडतूस, म्हणजे 7.65 मिमी ब्राउनिंग, जॉन ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आखलं. त्याच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा थोडी बाहेर येते: कड साधारण 9.1 मिमी, पुंगळी बुडाशी 8.6 मिमी. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली तर खालची कड तिला अडवते आणि वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. याला रिम लॉक म्हणतात. मग स्लाइड कितीही ओढा, काही होत नाही, मॅगझिन काढूनच सोडवावं लागतं. म्हणून एकेक काडतूस भरताना ते मागे पूर्ण टेकवा आणि वरचं खालच्याच्या पुढून घातलं जातंय ना बघा. भरल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच दोनदा टेकवा. आखूड नाकाच्या गोळ्यांना आत पुढेमागे हलायला जागा जास्त मिळते, त्यामुळे त्यांच्यात हे जास्त होतं. गोल नाकाच्या पूर्ण जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर पूर्ण धातूचं आवरण असलेल्या, गोळ्या वापरा.

मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग बसते का, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतं. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबून राहिल्याने फारशी खराब होत नाही, सतत भरण्या-रिकामं करण्याने जास्त थकते. पण जुन्या स्प्रिंगचं पोलाद कसं आहे याची कुणीच खात्री देऊ शकत नाही, त्यामुळे जुन्या पिस्तुलाच्या बाबतीत मी स्प्रिंग बदलायलाच सांगतो.

पिस्तुलासोबतच्या दोन्ही मॅगझिनच्या तळाला नेलपॉलिशने 1 आणि 2 असे आकडे घाला. कुठल्या मॅगझिनमधून, कितव्या गोळीला, काय झालं हे वहीत लिहा. तुमचे चारही अडथळे एकाच मॅगझिनचे असतील तर तुमचं उत्तर मिळालं, आणि ते काही लाखांचं नाही.

तेलाबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे, कारण विदर्भात यात फार नुकसान होतं. काटोलकडचे एक संत्र्याचे बागायतदार काका डिसेंबरमध्ये आले. पिस्तूल मे महिन्यात व्यवस्थित चाललं होतं, आता तीनदा चाप ओढला आणि तीनदा ‘टक’. मी स्लाइड खोलून फायरिंग पिन बाहेर काढायला गेलो तर ती सरकेना. टोकदार काडीने पोकळी कोरली आणि काडीवर पांढरं, मेणासारखं काहीतरी आलं. वास घेतला तर खोबरेल तेल! काका दर महिन्याला न चुकता दोन थेंब सोडायचे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठायला लागतं. मे महिन्यात काटोलला ते पाण्यासारखं असतं, डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत ते तुपासारखं घट्ट. पिनचा सगळा जोर तो गोळा भेदण्यातच जात होता, काडतुसाच्या टोपीपर्यंत, म्हणजे बुडाशी ठोक्याने पेटणाऱ्या भागापर्यंत, काही पोहोचतच नव्हतं. पिनची जागा कोरडी केली आणि पिस्तूल पहिल्या गोळीला चाललं.

जवसाच्या तेलाचंही तसंच, उलट जास्त वाईट. फौजेत रायफलच्या लाकडी बटला आम्ही जवसाचं तेल चोळायचो, कारण ते हवेत वाळून लाकडावर थर धरतं. नेमक्या त्याच गुणामुळे ते पिस्तुलाच्या आत कधी घालू नये. काही महिन्यांत वॉर्निशसारखा पापुद्रा तयार होतो आणि तो रॉकेलनेही सुटत नाही. आपल्याकडे घरात जवस असतंच, म्हणून सांगतो. बंदुकीचं पातळ तेल मिळत नसेल तर शिलाई मशीनचं चालेल, पण स्लाइडच्या खोबणीत एकेक थेंब, नळीबाहेर पुसटसा हात, बस. चेंबर आणि पिनची जागा कोरडी. जास्तीचं तेल धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीत शिरलं तर काडतूसही निकामी करतं.

खोलण्याआधीचा क्रम मात्र चुकवू नका. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर चेंबरमध्ये नवं काडतूस जाऊन बसलेलं असतं आणि माणूस समजतो रिकामं झालं. घरातल्या अपघातांच्या ज्या हकिकती मी ऐकल्या, त्यांत हीच चूक सर्वात जास्त आहे.

काडतुसांकडे येऊ. तुमचा जो बार झाला नाही, ते काडतूस जपून ठेवलं असेल तर त्याची टोपी बघा. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा. खड्डा उथळ असेल तर पिनचा जोर कमी पडला: घाण, थकलेली स्प्रिंग किंवा न मिटलेली स्लाइड. काडतुसं कधीची आहेत, कुठे ठेवली होती, यावरही बरंच अवलंबून. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात नवतपाभर (कडक उन्हाचे नऊ दिवस) ठेवलेल्या काडतुसांवर मी भरवसा ठेवणार नाही. बाहेर 45 अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. आणि एक गोष्ट दुकानात स्वतः तपासा. आपल्याकडे ‘बत्तीस’ म्हणून दोन काडतुसं चालतात. रिव्हॉल्वरचं .32 लाँग वेगळं, ते लांब असतं आणि त्याची कड पूर्ण बाहेर असते. पिस्तुलाचं .32 एसीपी, म्हणजे वर सांगितलेलं 7.65 ब्राउनिंगच, वेगळं. घाईत दुसरा डबा हातात आला असं मी पाहिलं आहे.

रेंजवर बार झाला नाही तर नळी निशाण्याच्या दिशेने ठेवून निदान तीस सेकंद थांबा, मगच स्लाइड ओढा. आणि बाराऐवजी नुसता ‘फुस्स’ आवाज आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. फुगलेल्या दोन नळ्या माझ्या खणात आहेत, रेंजवर येणाऱ्या नव्या लोकांना दाखवायला ठेवल्या आहेत.

तुमच्या हाताबद्दलही बोलायला हवं. तुम्ही पहिल्यांदाच मारलीत. मनगट सैल राहिलं की स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूल मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला टेकू उरत नाही. पुंगळी उभी राहण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. अंगठा स्लाइडला घासला तरी हेच. तपासायला सोपं आहे: रेंजवरच्या प्रशिक्षकाला तुमच्याच पिस्तुलातून, तुमच्याच मॅगझिनमधून दहा मारायला सांगा. त्यांच्या हातात अडकलं नाही आणि तुमच्या हातात अडकलं तर पिस्तुलावर राग काढण्यात अर्थ नाही, सराव वाढवा.

आता त्या जुन्या जर्मन पिस्तुलाकडे. जुनी नावं मोठी आहेत आणि ती उगाच मोठी झालेली नाहीत. वॉल्थरचं पीपी 1929 मध्ये आलं आणि आजही तसं बारीक काम बघायला मिळालं की हात थांबतो. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे अशा हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकांसाठी बंद झाली. तेव्हा जी आली तीच हातोहात फिरताहेत, म्हणून किंमत लाखांत जाते. त्या किमतीत दुर्मिळतेचा भाग मोठा आहे, भरवशाचा लहान. पोलादाला वय आहे, स्प्रिंगांना तर नक्कीच आहे, आणि सुटे भाग मिळत नाहीत. एक्स्ट्रॅक्टर तुटला तर तो हाताने घडवावा लागतो आणि असं काम करणारे हात कमी झाले आहेत. मूळ मॅगझिन हरवलेलं असेल आणि सोबत कुठल्यातरी कारखान्यातलं नकली असेल, तर ते पिस्तूल तुमच्या आजच्या पिस्तुलापेक्षा जास्त अडकेल. त्या काळातल्या कित्येक खिशातल्या पिस्तुलांत पिन अडवून धरणारी सोय नसते. चेंबरमध्ये काडतूस असताना ती फरशीवर पडली तर बार होऊ शकतो.

तरीही मन त्यातच असेल तर घेण्याआधी हे बघा. नळी रिकामी करून उजेडात धरा, आत काळे खड्डे आहेत का. स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यांत आणि खालच्या बाजूला केसासारखी रेघ दिसते का, दिसली तर तो तडा समजा आणि सौदा सोडा. सेफ्टी लावून चाप ओढल्यावर हॅमर, म्हणजे पिनवर आपटणारा घोडा, जागचा हलता कामा नये. पिस्तुलावरचा नंबर आणि विक्रेत्याच्या परवान्यावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. घासलेला, पुन्हा कोरलेला नंबर दिसला तर हातही लावू नका, तो गंभीर गुन्ह्याचा विषय आहे. आणि विक्रेत्याच्या डोळ्यांदेखत रेंजवर किमान दोन मॅगझिन मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदपत्रांचंही थोडं सांगतो. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडून, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात. तुमच्याकडे एक आहे, म्हणजे दुसऱ्याची जागा आहे, पण ती घाईत भरू नका. तुमचं पिस्तूल सरकारी कारखान्याचं असेल तर तक्रार घेऊन नागपुरातल्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जाऊ नका, लोक जातात म्हणून सांगतो. सरकारी शस्त्र कारखाने चालवणाऱ्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून सात कंपन्या झाल्या. नागपुरात मुख्यालय असलेली यंत्र इंडिया त्यातलीच, पण पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर बनवणारे कारखाने कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंटकडे आहेत आणि खडकीचा काडतुसांचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. खासगी कंपनीचं असेल तर बिल आणि अडथळ्यांची वही घेऊन ज्या विक्रेत्याकडून घेतलं त्याच्याकडेच जा. ‘अडकतं’ एवढंच सांगितलं तर कुणी ऐकत नाही. ‘मॅगझिन 2, पाचवी गोळी, नाक अडलं, तीनदा’ असं लिहिलेलं असेल तर त्यांनाही तपासावं लागतं.

एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकून घेत नाही. ट्रिगर हलका करून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती पिस्तूल देऊ नका. एका गृहस्थांनी कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये तो घासून घेतला होता. रेंजवर चाप एकदा ओढला आणि दोन बार झाले. दुसरी गोळी छताच्या पत्र्यात गेली. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. नको तेव्हा सुटणारं पिस्तूल अडकणाऱ्यापेक्षा शंभर पटीने वाईट. दुरुस्ती फक्त परवानाधारक दुकानातच.

आणि घरातली जागा बदला. नागपूरकर एप्रिल ते जून कूलरवर जगतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा म्हणजे ओली हवा, आणि त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात, चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल. चामडं ती ओल धरून ठेवतं, त्यात कमावतानाची रसायनंही असतात. जूनमध्ये लोक माझ्याकडे स्लाइडवर होल्स्टरच्या शिवणीचा नकाशा उमटलेला गंज घेऊन येतात. पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवू नका. तेलाचा हलका हात फिरवून सुती कापडात गुंडाळा, कूलर नसलेल्या खोलीत कुलपात ठेवा, मुलांच्या हाती चावी लागणार नाही असं बघा. निवडणुकीत हत्यार जमा करायची वेळ आली तरी हीच तयारी करून द्या. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही वेळा जमा केलेली पिस्तुलं परत आली, तेव्हा कोरडी, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दिलेली सगळ्यात जास्त गंजली होती.

तर भाऊ, तुमच्यासाठी क्रम असा. दुकानात नेऊन पूर्ण खोलून धुवून घ्या, रॅम्प आणि चेंबर भिंगाने बघायला सांगा, मॅगझिनचे ओठ मापून घ्या. एकाच लॉटची नवी काडतुसं घ्या. परवान्यावरची मर्यादा आड येत असेल तर सरावासाठी वाढवून मिळते का, असा अर्ज परवाना शाखेत करून बघा. मग रेंजवर प्रत्येक मॅगझिनमधून 25, त्यातल्या दहा प्रशिक्षकांच्या हातून. पन्नासात एकही अडथळा आला नाही तर तेच पिस्तूल ठेवा आणि वर्षातून दोनदा रेंजवर जा. एक-दोन आले आणि दोन्ही एकाच मॅगझिनचे असतील तर मॅगझिन बदला. दोन्ही मॅगझिनमधून, दोघांच्या हातून अडकत असेल तर तो नग दोषी आहे, तो परत पाठवण्यासाठी भांडा. त्यानंतर दुसऱ्या पिस्तुलाचा विचार करा, पण तेव्हाही नवं आणि सुटे भाग मिळणारं घ्या असंच मी म्हणेन.

वही भरली की इथेच लिहा, सोबत न फुटलेल्या काडतुसाच्या टोपीचा आणि मॅगझिनच्या ओठांचा वरून काढलेला फोटो टाका. पिस्तुलाचा नंबर मात्र फोटोत येऊ देऊ नका.